दूरचित्रवाणीतील स्थित्यंतर आणि शेजारधर्म

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, इंदूर येथे दिलेले भाषण)



 अशा प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव करण्याची रीत आहे, आणि तो गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित शब्दांत केलेला आहे. मी पडलो शाळामास्तर. एखादी गोष्ट समजावून सांगणे एवढेच मला थोडेफार जमते. म्हणून आज मी एक साधा विषय घेतला आहे. टेलिव्हिजनचे जुने प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा प्रेक्षकांना या बदलासाठी कोणी तयार केले आणि कसे? धर्मादाय न्यासाच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. तिचे उत्तर भाषणाच्या ओघात मिळेल अशी मला आशा आहे.

प्रथम हा बदल म्हणजे काय, ते पाहू. जुन्या पद्धतीत चित्र आणि आवाज लहरींच्या चढउतारांवर स्वार होऊन येत. लहर क्षीण झाली की चित्र बिघडे. पडद्यावर मुंग्या दिसत, चेहऱ्यांना सावल्या पडत. परंतु बातम्या कळत, गाणे ऐकू येई. नव्या पद्धतीत चित्राचे आकड्यांत रूपांतर होते आणि ते आकडे हवेतून पाठविले जातात. पूर्वी एका कार्यक्रमाला जेवढी वाट लागे, तेवढ्याच वाटेने आता अनेक कार्यक्रम जातात, आणि चित्रही निर्मळ दिसते. मात्र लहर ठरावीक मर्यादेपेक्षा क्षीण झाली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, ते गोठते आणि नाहीसे होते. जुनी पद्धत तेल संपत आलेल्या समईसारखी होती. ती हळूहळू मंद होई. नवी पद्धत विजेच्या दिव्यासारखी आहे. लागला तर लखलखाट, नाही तर अंधार. गावाच्या कडेला राहणारा जो माणूस मुंग्यांमधून का होईना, पण बातम्या पाहत होता, त्याच्या वाट्याला नव्या व्यवस्थेत हा अंधार येण्याचा संभव सर्वांत अधिक.

हा बदल सरकारांनी का केला, हेही लक्षात घेतले पाहिजे. प्रेक्षकांनी तो मागितला नव्हता. टेलिव्हिजनची जागा आटोपशीर झाली की उरलेल्या लहरी मोबाइल टेलिफोनला देता येतात, पोलीस आणि अग्निशमन दलाला देता येतात. अमेरिकेत अशा मोकळ्या होणाऱ्या लहरींचा २००८ साली लिलाव झाला, तेव्हा तेथील सरकारला सुमारे १९ अब्ज डॉलर मिळाले. लाभ असा सार्वजनिक असताना नवी पेटी विकत घेण्याचा, नवा अँटेना चढविण्याचा आणि नवे यंत्र शिकण्याचा भार कोणी सोसावा, हा न्यायाचा प्रश्न होय.

या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली. अमेरिकेने मुख्यतः पैशाचे उत्तर दिले. जुन्या संचाला जोडायच्या पेटीसाठी प्रत्येक घराला ४० डॉलरची दोन कूपने मिळत. कूपनाची मुदत मात्र नव्वद दिवसांची होती. २००९ च्या जानेवारीत या योजनेचा निधी संपला, लक्षावधी अर्ज प्रतीक्षायादीत अडकले, आणि १७ फेब्रुवारी २००९ ही ठरलेली तारीख पुढे ढकलून १२ जून करावी लागली. तरीही त्या दिवशी सरकारी मदतकेंद्राकडे तीन लाखांहून अधिक टेलिफोन आले. जे मागे राहिले ते कोण होते? मुख्यतः वृद्ध, गरीब, खेड्यांतील लोक आणि ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशी कुटुंबे; कारण केबल न घेता केवळ अँटेनावर टेलिव्हिजन पाहणारा वर्ग हाच होता.

त्याआधी ८ सप्टेंबर २००८ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्मिंग्टन शहरात एक रंगीत तालीम झाली होती. दवंडी इतकी पिटली गेली होती की बदलाची तारीख बहुतेक सर्वांना ठाऊक होती. तरीही तक्रारी आल्याच. कोणाला पेटी जोडता येईना. कोणाची पेटी बरोबर जोडलेली होती, पण एका केंद्राचे नवे प्रक्षेपण जुन्याइतके दूर पोहोचतच नव्हते. म्हणजे तारीख माहीत असणे निराळे आणि तयार असणे निराळे. हा भेद आम्हा शिक्षकांच्या रोजच्या अनुभवाचा आहे. परीक्षेची तारीख वर्गातील प्रत्येक मुलाला पाठ असते!

विल्मिंग्टनमधील आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तेथील व्यापारी केंद्रांनी त्या दिवशी जुने प्रक्षेपण बंद केले; सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या केंद्राने मात्र ते चालू ठेवले. दिवस समुद्री वादळांचे होते. एखादे घर जरी तयारीवाचून राहिले असेल, तरी वादळाची सूचना त्या घरापर्यंत गेली पाहिजे, हा त्यामागील विचार. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ याहून चांगल्या रीतीने कसा सांगावा?

ब्रिटनने थोडा निराळा मार्ग धरला. तेथे सारा देश एका दिवसात बदलला नाही. प्रारंभ झाला तो व्हाइटहेवन या किनाऱ्यावरील लहानशा गावी. १७ ऑक्टोबर २००७ रोजी तेथे फक्त बीबीसीची दुसरी वाहिनी जुन्या पद्धतीतून काढून घेतली, आणि बाकीच्या वाहिन्या १४ नोव्हेंबरला. मधले चार आठवडे हा इशारा होता. एक वाहिनी गेली की घरच्या माणसाला कळे, आपली तयारी झालेली नाही; आणि बाकीच्या वाहिन्या शाबूत असेपर्यंत त्याला हातपाय हलविता येत. याच क्रमाने एकेक प्रदेश बदलत गेला, आणि २४ ऑक्टोबर २०१२ रोजी उत्तर आयर्लंडमध्ये हे काम पुरे झाले.

याशिवाय तेथे बीबीसीच्या देखरेखीखाली एक मदतयोजना चालविण्यात आली. पंच्याहत्तर वर्षे उलटलेले वृद्ध, अपंग, अंध आणि वृद्धाश्रमांत राहणारे लोक यांच्यासाठी ती होती. नेहमीचे शुल्क ४० पौंड, आणि अगदी गरिबांना काहीच नाही. परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो मदतीचा प्रकार. माणूस घरी येई, पेटी बसवी, गरज पडल्यास अँटेना बदली, कळा कशा दाबायच्या ते दाखवी. आणि पुढे वर्षभर अडचण आली तर विचारण्याची सोय असे. गावोगावच्या स्वयंसेवी संस्थांनाही या कामात सामील करून घेण्यात आले होते, कारण कोणत्या गल्लीत कोण एकटे राहते, हे सरकारी दप्तरापेक्षा शेजारच्या संस्थेला अधिक ठाऊक असते. अमेरिकेतही शेवटी हेच उमगले. २००९ साली तेथे अग्निशमन दलाच्या जवानांनी घरोघर जाऊन वृद्धांना पेट्या जोडून दिल्या.

आता आपल्या देशाकडे वळू. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी टेलिव्हिजनचा जन्म झाला आणि मुंबईत तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी आला. आपल्याकडे डिजिटलचा बदल दोन वाटांनी झाला. पहिली वाट केबलची. २०११ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि टप्प्याटप्प्याने प्रत्येक केबलधारकाला सेट टॉप बॉक्स घेणे भाग पडले. २०१२ साली महानगरांपासून प्रारंभ झाला. ३१ मार्च २०१३ ही दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांची तारीख होती, आणि त्यांत आपले इंदूर होते, बडोदे होते, हैदराबादही होते. सरकारी कूपन कोणालाही मिळाले नाही. पेटीचे पैसे ज्याचे त्याने भरले. दुसरी वाट दूरदर्शनच्या मनोऱ्यांची. २०१६ साली सोळा शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, त्यांतही इंदूर होते. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरात प्रसार भारतीने जाहीर केले की, मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास मनोरे वगळता बाकीचे जुने प्रक्षेपण ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होईल. ज्याला महिन्याचे भाडे परवडत नाही त्याच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. ही सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. एकदा थाळी आणि पेटी घेतली की पुढे दरमहा काही द्यावे लागत नाही.

या बदलाची एक उजळ बाजू आपण मराठी मंडळींनी कृतज्ञतेने मान्य केली पाहिजे. मनोऱ्यांच्या काळात ज्या राज्यात राहावे, त्या राज्याच्या भाषेचे कार्यक्रम मिळत. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी उपग्रहावरून येऊ लागली, तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत मराठी बातम्या, कीर्तन, नाटक दिसू लागले. फ्री डिशवर ते विनामूल्य आहे. ज्या आजींची नातवंडे आपसांत हिंदी बोलतात, त्यांच्या दृष्टीने ही करमणूक नव्हे. दिवसभरात मायबोलीचा जो शब्द कानी पडतो, तो कित्येकदा तेवढाच असतो. म्हणूनच ती वाहिनी दिसेनाशी झाली तर त्या घरचे नुकसान दिसते त्याहून मोठे असते.

आणि ती दिसेनाशी होते, ती पुष्कळदा क्षुल्लक कारणाने. वाऱ्याने थाळी किंचित फिरते. आपल्या गावी फ्री डिशच्या थाळीचे तोंड आग्नेयेकडे आकाशात असावे लागते. समोर झाडाची फांदी वाढली किंवा शेजारी मजला चढला की चित्र गोठते. कधी उपग्रहावरील वाहिन्यांच्या जागा बदलतात. पेटी धडधाकट असते, फक्त तिला वाहिन्यांचा नव्याने शोध घ्यायला सांगावे लागते. अमेरिकेतही त्या जूनमध्ये असंख्य लोक याच ठिकाणी अडले होते. कधी पेटी जुन्या पद्धतीची असल्यामुळे नव्या पद्धतीच्या वाहिन्या तिला दिसत नाहीत. यांतील बहुतेक कामे पाच मिनिटांची आहेत. परंतु ज्याला ती येत नाहीत, त्याच्या घरचा टेलिव्हिजन महिनोन् महिने फडके घालून बंद पडून राहतो, आणि माणूस संकोचाने कोणास सांगत नाही.

"टेलिव्हिजन ही चैन आहे, तीवाचून कोणाचे अडते?" असे काही विचारी लोक म्हणतात. ज्याच्या हाती मोबाइल आहे, घरात वर्तमानपत्र आहे आणि दारी माणसांची ये-जा आहे, त्याचे अडत नाही, हे खरे. परंतु जो एकटा आहे, अंथरुणाला खिळलेला आहे, ज्याला अक्षर दिसत नाही, त्याला जगाशी बांधणारा तो एकच धागा असतो. "नातवाला सांगावे, तो करून देईल," असेही म्हणतात. नातू पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला असतो. शिवाय घाईने करून देणे निराळे आणि शिकविणे निराळे. रिमोट हातातून काढून घेऊन चार कळा दाबल्या की आजचे काम होते. तोच रिमोट म्हाताऱ्या माणसाच्या हाती ठेवून, चुकू देऊन, पुन्हा सांगितले की तो माणूस स्वतंत्र होतो. याला वेळ लागतो. पैशाचे दान सोपे आहे. वेळेचे दान अवघड आहे.

या अनुभवातून आपल्या न्यासाने काय घ्यावे, याविषयी मी नम्रपणे एक सूचना करतो. आपल्याजवळ तरुण आहेत आणि पन्नास वर्षांत कमावलेला विश्वास आहे. आठ-दहा स्वयंसेवकांचे एक पथक उभारावे. प्रथम यादी करावी: आपल्या वस्तीत एकटे कोण, अंध कोण, ज्यांची मुले परगावी आहेत असे वृद्ध कोण. यादीत जातपात, धर्म वा सभासदत्व पाहू नये. ज्या धर्मात मी वाढलो, त्याच्या कुराणात जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याचाही हक्क सांगितला आहे, आणि आपल्या संतांनीही निराळे काही सांगितलेले नाही. नंतर घरी जावे, यंत्र पाहावे, घरच्या भाषेत समजावून सांगावे. कोणती कळ कशासाठी, हे ठळक अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून संचाजवळ टांगावे. पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. कारण खरी अडचण पहिल्या दिवशी येत नाही, शिकविणारा निघून गेल्यावर येते. आणि नवे नीट चालते अशी खात्री होईपर्यंत जुने काढू नये.

हे काम टेलिव्हिजनपुरते संपणारे नाही. ज्याला कालपर्यंत नवे म्हणत होते, तेही जुने होते. अमेरिकेत २०१७ सालीच पुढच्या पिढीच्या प्रक्षेपणाला परवानगी मिळाली आहे, आणि आजच्या संचांचे काय करावयाचे, हा वाद तेथे पुन्हा उभा राहिला आहे. यंत्रे बदलतच राहणार; त्यांना थांबविणे आपल्या हाती नाही, आणि थांबवूही नये. परंतु प्रत्येक बदलाच्या वेळी जो सर्वांच्या मागे राहतो त्याच्यासाठी कोणी थांबले की नाही, हे आपल्या हाती आहे. न्यासाच्या संस्थापकांनी पन्नास वर्षांपूर्वी मदतीचे जे काम आरंभिले, त्याचेच हे आजच्या काळातील रूप आहे, असे मी समजतो.

पथक उभे राहिल्यास रविवारची सकाळ मी आनंदाने त्या कामी देईन, आणि माझ्या वरच्या वर्गांतील मुलांनाही बरोबर आणीन.