डबक्यातला थेंब आणि आईचा वारसा

परवा आम्ही डबक्यातल्या पाण्याचा थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चपलेच्या तळव्यासारखं पॅरामिशियम भराभर पोहत होतं, अमिबा मात्र सावकाश सरकत होता. हे आदिजीव. एकच पेशी, पण सगळा संसार तिच्यातच! हिवतापाचा परजीवीही याच गोतावळ्यातला.

सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर जिवाणूंसारखे साधे सूक्ष्मजीवच होते. कितीतरी काळानं एका पेशीनं एक जिवाणू गिळला. तो पचला नाही, आतच राहिला आणि तिला ऊर्जा पुरवू लागला. त्या पेशीच्या वंशात आदिजीव आले, झाडं आली, आपणही आलो. अमेरिकेतल्या लिन मार्ग्युलिस यांनी हे मांडलं, तेव्हा पंधराएक नियतकालिकांनी लेख परत पाठवला. अखेर १९६७ साली तो छापून आला.

त्या पाहुण्याचे वंशज म्हणजे आपल्या पेशींतल्या तंतुकणिका. त्या आपल्याला आईकडूनच मिळतात.

आमच्या गटातल्या एकीला दोन मुलीच. सासूबाई सारख्या म्हणायच्या, वंश बुडाला. तिनं त्यांना हे सगळं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग माझं पुढं कोण नेणार गं?"

"वन्सं नेतील की! तुमचा मुलगा नाही नेऊ शकत."