पुरात बुडालेलं इंजिन : हँडल मारण्याआधी



पूर ओसरला की माणूस आधी घर बघतो, मग गोठा, आणि मग नदीकाठचं इंजिन. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर पाहिले. विजेच्या मोटारी गावोगाव झाल्या, तरी जिथं तार पोचत नाही किंवा वीज वेळेवर मिळत नाही, तिथं पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन अजून आहे. चार-पाच दिवस गाळात बसलेलं असं इंजिन तपासायचं कसं आणि पुन्हा उभं करायचं कसं, ते आज सांगतो.

सगळ्यांत आधी एक गोष्ट. बुडालेल्या इंजिनाला हँडल मारू नका. बाहेरून पुसून लख्ख केलं, ऑईल बदललं, तरीही नाही. हवा दाबली तर दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी राहिलं आणि जड फ्लायव्हीलच्या जोरानं पिस्टन वर आला, तर त्या पाण्याला जायला वाट नसते. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २००५ च्या पुरानंतर मामांच्या इंजिनाला मीच हँडल मारलं होतं. ऑईल बदललं, डिझेल भरलं, चार फेरे देऊन लिव्हर पाडला. टक् असा एकच आवाज झाला आणि फ्लायव्हील जागच्या जागी थांबलं. मग मिस्त्रीनं नोझल काढून पाणी उडवलं, दुसऱ्या दिवशी इंजिन चालूही झालं, सगळे खूश. पण धूर पांढरा, ठोका वेगळा, आणि ताकद कमी. महिनाभरात तो वाकलेला रॉड तुटला आणि क्रँककेस फोडून बाहेर आला. त्या हंगामाची लावण मामांनी शेजाऱ्याचं इंजिन भाड्यानं घेऊन उरकली. मला ते एक शब्द बोलले नाहीत, म्हणून तर जास्त लागलं.

तेव्हा घाई करायची ती हँडलाची नव्हे, खोलण्याची. लोखंड पाण्याखाली असताना गंजत नाही तेवढं बाहेर हवा लागली की गंजतं. इंजिन गाळातून काढाल त्याच दिवशी कामाला लागा. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि खोलायला त्यांची हरकत नाही ना, हे विचारून घ्या. मोबाईलवर फोटो काढा, पाणी कुठवर चढलं होतं ती खूण फोटोत येऊ द्या. पंचनाम्याची वाट बघत इंजिन आठ दिवस उन्हात ठेवलं, तर नंतर पंचनामा भंगाराचाच करावा लागेल.

बाहेरचा गाळ स्वच्छ पाण्यानं धुऊन काढा. एअर फिल्टर आणि सायलेन्सर उतरवा, आत काय भरलंय ते बघा. मग नोझल काढा, लिव्हर उचललेला ठेवा, आणि फ्लायव्हील हातानं सावकाश फिरवून बघा. नोझलच्या भोकासमोर तोंड नको, पाणी पिचकारीसारखं येतं. फ्लायव्हील सहज फिरलं तर निम्मी लढाई जिंकली. एके ठिकाणी अडलं, तर तिथंच थांबा. जोर करू नका.

आता ऑईल. क्रँककेसच्या तळाचा नट हळूच सैल करा आणि खाली पांढरं भांडं धरा. पाणी जड, ते तळाला बसतं. आधी निर्मळ पाणी आणि मागून काळं ऑईल आलं, तर इंजिन बुडाल्यावर फिरलेलं नाही, असा अंदाज धरा. ताकासारखं पांढरट आलं, तर पाणी आणि ऑईल घुसळलं गेलंय. म्हणजे चालू असताना बुडालं, किंवा कुणीतरी हँडल मारून बघितलं. घरातल्या पोरांना विचारा, पण रागावून विचारू नका, नाहीतर खरं सांगणार नाहीत. अशा इंजिनाचं हेड उतरवलंच पाहिजे. पिस्टन अगदी वर आणा आणि तो लायनरच्या कडेशी कुठं येतो ते मोजा. कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापापेक्षा खाली राहिला, तर रॉड वाकला आहे. वाकलेला रॉड ठोकून सरळ करून बसवू नका. कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी नको.

इंजिन जाम असेल तर निम्मं डिझेल, निम्मं पातळ ऑईल असं मिश्रण नोझलच्या भोकातून ओता आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील थोडं पुढं, थोडं मागं असं हलवा. दोन दिवसांत सुटलं नाही तर हेड काढा, म्हणजे वाल्व अडकलाय की रिंगा गंजल्यात ते दिसेल. पिस्टनवर थेट हातोडा मारू नका, मध्ये लाकडाचा ठोकळा धरा. लायनरला नुसती तांबूस झाक असेल तर ऑईलमध्ये भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं जाते. पण बोट फिरवल्यावर नख अडकलं, तर खड्डे पडलेत. तिथं लायनर बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

फ्युएल पंप आणि नोझल ही इंजिनातली सगळ्यांत नाजूक दुकलं. आतल्या दांड्या इतक्या नेमक्या बसवलेल्या असतात की केसाहूनही कितीतरी बारीक फट असते. तिथं गंज आला की त्या अडकतात. त्यांना पॉलिश पेपर लावू नका, चिंधीनंही पुसू नका. स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून मिस्त्रीकडं तपासणीला न्या. नोझलचा फवारा बघताना हात समोर नको. ती धार कातडीतून आत शिरते, आणि मग गाठायचा तो दवाखाना. टाकीतलं सगळं डिझेल तळासकट काढा, फिल्टर नवा घाला.

खाडीकाठच्या मंडळींसाठी एक शब्द. तुमचं पंपाचं किंवा होडीचं इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालं, तर मीठ आत राहून रोज थोडं थोडं खातं. आधी गोड्या पाण्यानं भरपूर धुवा. होडीच्या पेट्रोल इंजिनाचा स्पार्क प्लग काढून आतलं पाणी उडवा. मिस्त्री दोन दिवस मिळणार नसेल, तर पिंपभर गोड्या पाण्यात इंजिन बुडवून ठेवलेलं परवडतं, किनाऱ्यावर वाळत ठेवलेलं नव्हे.

खर्चाचं आधी बोला. क्रँकला खड्डे, लायनर नवा, रॉड नवा असा हिशेब जमला, तर जुन्या चांगल्या इंजिनाची किंमत विचारून मगच हो म्हणा.

सगळं जुळवलं, नवं ऑईल घातलं, की नोझल बसवण्याआधी फ्लायव्हील पुन्हा दहा-बारा वेळा फिरवा. मुरवायला ओतलेलं ऑईल आत राहिलं तर इंजिन तेच जाळून बेफाम पळतं. पहिल्यांदा चालू करताना हवेच्या तोंडाशी एक फळी तयार ठेवा. तसं झालंच तर तोंड फळीनं बंद करायचं, हातानं नाही. पंपाचा पट्टा न चढवता पंधरा मिनिटं चालवा, बंद करा, ऑईल गरम आहे तोवर काढा. पुन्हा पांढरट दिसलं तर पुन्हा बदला. ऑईल काळंभोर, स्वच्छ राहिलं की पट्टा चढवा, आणि दहा तास चालल्यावर हेडचे नट आवळून टॅपेट तपासून घ्या.