बाथरूम फोडण्याआधी



खालच्या मजल्यावरचे शेजारी येऊन सांगतात,
"आमच्या छतातून पाणी ठिबकतंय."
आपण घाईने प्लंबरला बोलावतो.
तो एक नजर टाकतो आणि म्हणतो,
"सगळ्या टाइल्स काढाव्या लागतील."

जरा थांबा.
आधी गळती कुठली ते पाहू. मग खर्च विचारू.

एक दिवस त्या बाथरूममध्ये अंघोळ करू नका.
जमीन अगदी कोरडी ठेवा.
भिंतीतल्या पाइपांचं पाणी मात्र चालू असू द्या.

खाली तरीही ठिबकत राहिलं,
तर संशय त्या पाइपांवर.
ते सतत भरलेले असतात, म्हणून रात्रंदिवस गळतात.

ठिबकणं थांबलं,
तर दोष बहुधा जमिनीत.
टाइल्सच्या सांध्यांत, नाहीतर नहाणी ट्रॅपच्या कडेला.

आता एक नाणं घ्या.
टाइलवर हलकेच वाजवा.
पोकळ आवाज आला,
तर ती टाइल खालून सुटलेली आहे.
तिथे खडूने फुली मारा.

शॉवर बंद केल्यावर थोडं पाणी पडतंच. ते उरलेलं पाणी.
तासाभरानेही ठिबकत असेल, तर वॉशर किंवा कार्ट्रिज पाहायला सांगा.
त्यासाठी जमीन फोडायची गरज नाही!

बाथटब असेल,
तर कडेचं सिलिकॉन सुटलंय का, तेही पाहा.

म्हणजे, आधी गळती कुठली, मग खर्च किती.

अंदाजपत्रक लेखीच मागा.
तोडफोड, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, सगळं वेगवेगळं.
आणि राडारोडा कोण उचलणार, तेही लिहून घ्या.
ते हमखास राहून जातं.