ओझें आणि गाडी

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांत वाड्यावस्त्या ओस पडूं लागतात. हा कोरडा मुलूख. पावसाचा भरंवसा थोडा. म्हणून अनेक कुटुंबें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, असा तेथील हिशेब. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडावयाची असते. शहरांतील घरीं चहांत साखर पडते, तेव्हां कोयत्याची आठवण क्वचित् कोणास होतही असेल. पण तो ऊस कोणत्या गाडीनें आला, हें कोणी विचारीत नाहीं. वास्तविक बैलांची मान, कुटुंबाची कमाई आणि पुष्कळदां माणसाचा जीवही त्या गाडीच्या निवडीवर अवलंबून असतो.

गाडी घेतांना पहिला प्रश्न असतो तो ‘माल किती मावेल?’ हा. त्याआधीं विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: भार पडणार कोठें?

बैलगाडीचेंच पाहा. लोखंडी धावेचीं लांकडी चाकें जाऊन रबरी टायर आले, तेव्हां गाडी ओढण्यास हलकी झाली. हा लाभ बैलांस मिळावयाचा. पण माणसानें मोळ्या वाढवून तो आपल्या पदरांत पाडून घेतला! दोन चाकांच्या गाडींत सारी मेख तोलांत आहे. मोळ्या पुढें अधिक रचल्या तर जूं मानेवर रुतून बसतें. मागें अधिक रचल्या तर गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि जोत्यानें बैलाचा गळा आवळतो. जूं मानेवर किंचित् टेकलेलें राहील इतकाच भार पुढें असावा.

ट्रॅक्टरला मान नसली तरी न्याय तोच. दोन चाकांच्या ट्रॉलीचा कांहीं भार हुकावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागल्या चाकांवर येतो. त्यामुळें ओल्या काळ्या रानांत त्या चाकांना पकड मिळते. शिवाय अशी ट्रॉली अरुंद बांधावरून मागें घेणेंही सोपें. मात्र हुकावर भार फार झाला तर ट्रॅक्टरचीं पुढलीं चाकें हलकीं होतात व सुकाणू ऐकेनासें होतें. हूक मागल्या कण्याहून उंचावर जोडला तर जोराच्या ओढीबरोबर ट्रॅक्टर मागें उलटण्याचीही भीति असते.

चार चाकांची ट्रॉली आपला भार आपणच वाहते. लांबच्या डांबरी रस्त्यास ती योग्य. पण मऊ रानांत ट्रॅक्टरच्या चाकांना तिची मदत होत नाहीं, आणि तिचीं पुढलीं चाकें स्वतंत्र वळत असल्यानें ती मागें घेतांना मुरलेल्या चालकाचीही तारांबळ उडते. ज्याची बहुतेक वाहतूक फडापासून जवळच्या कारखान्यापर्यंत आहे, त्यानें केवळ शेजाऱ्याची मोठी म्हणून ही घेऊं नये.

सर्वांत बिकट प्रसंग उताराचा. चढावर इंजिनाची ताकद दिसते, उतारावर ट्रॉलीची. जिला स्वतःचे ब्रेक नाहींत ती भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून लोटूं लागते. वळणावर तो आडवा फिरण्यास मग वेळ लागत नाहीं. एकामागें एक दोन ट्रॉल्या जोडण्याची चाल आहे; तींत मागची ट्रॉली झोके घेते आणि संकट दुणावतें. तेव्हां मापाआधीं ब्रेक पाहावे. मागें लाल दिवा व परावर्तक पट्ट्या हव्यातच, कारण बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या शेंड्यांआड अंधारांत गाडीच दिसत नाहीं. ट्रॉलीची वेगळी नोंदणी करावी लागते, हेंही घेणाऱ्यानें विसरूं नये.

ट्रॉली मालासाठीं असते, माणसांसाठीं नव्हे. कायदाही हेंच सांगतो. तरी हंगामाच्या आरंभीं पेट्या, चुली, कोंबड्या, अंथरुणें आणि त्या ढिगावर लेंकरें घेऊन ट्रॉल्या रस्त्याला लागतात. २०२२ च्या सप्टेंबरांत अहमदनगरहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरहून, आष्टीपर्यंत रेल्वे आली. परंतु आगगाडी उसाच्या फडापर्यंत जात नाहीं, आणि संसार तर बरोबर न्यावयाचा असतो. मुकादम ज्या दिवशीं सामानासाठीं ट्रॉली ठरवितो, त्याच दिवशीं माणसांसाठीं निराळें वाहन ठरवूं शकतो. त्याचें भाडें उचलींत धरावयाचें कीं कारखान्यानें द्यावयाचें, एवढाच तंटा उरतो. आणि तो मिटेपर्यंत लेंकरें सामानाच्या ढिगावरच बसलेलीं असतात.