प्रवासातला सोबती : ब्रिज कॅमेरा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रवासाला कोणता कॅमेरा न्यावा, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. माझं उत्तर एकच : ब्रिज कॅमेरा. लेन्स बदलायची कटकट नाही. एकाच लेन्समध्ये अख्खा वाडाही मावतो आणि झाडाच्या शेंड्यावरचा पक्षीही. माझा निकॉनचा पी ९०० आहे. झूम ८३ पट, वजन सुमारे ९०० ग्रॅम. साठीनंतर खांदा एवढंच मान्य करतो!

मर्यादाही सांगतो. याचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षा लहान. उजेड कमी झाला की फोटोत दाणे दिसू लागतात, म्हणून सकाळचं ऊन गाठावं. पूर्ण झूमवर हात जरा हलला तरी फोटो पुसट येतो. कोपरं अंगाशी धरावीत, भिंतीला टेकावं.

याचा खरा उपयोग भिगवणला कळतो. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात. होडी फार जवळ नेली की थवा उडतो. आपल्याला फोटो मिळतो, पण उथळ पाण्यात मान घालून चरणाऱ्या पक्ष्यांचं खाणं तुटतं. झूम लांबचा असला की नावाड्याला म्हणता येतं, ‘दादा, इथंच थांबवा.’

आज मात्र गुरुजनांचे फोटो काढताना झूम वापरू नका. चार पावलं पुढे जा, नमस्कार करा, दोन शब्द बोला आणि मग बटण दाबा.