बार्शी लाइट आणि अकरावीचे विषय



दहावीचा निकाल लागला की पुढचे तीन-चार आठवडे मला जेवायची वेळ सापडत नाही. मी बार्शीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत विषय लिहून घ्यायच्या टेबलावर माझी नेमणूक असते. २०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहा कॉलेजांचा पसंतीक्रम मोबाइलवर भरता येतो, शाखाही तिथंच ठरते. पण विषयांचा घोळ व्हायचा तो या टेबलापाशीच होतो.

गेल्या वर्षी पांगरीकडचे एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, “सर, चारी टाका. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो. दोन्ही दारं उघडी राहतील.” मुलगी शेजारी उभी होती. गुणपत्रिकेचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती.

दोन्ही दारं. हा शब्द मी दर जूनमध्ये निदान पन्नासदा ऐकतो. एक दार डॉक्टरीचं, दुसरं इंजिनिअरिंगचं. आईबापांची काळजी मला कळते. पंधरा वर्षांच्या लेकराला ‘तू आयुष्यात काय होणार’ असं विचारणंच मुळात आडमुठेपणाचं आहे. पण या दोन दारांना जिने वेगवेगळे आहेत, हे कुणी सांगत नाही. ‘नीट’ला १८० प्रश्न असतात, त्यांतले ९० जीवशास्त्राचे. गणिताचा एकही नाही. उलट इंजिनिअरिंगच्या सीईटीत २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताला, आणि तिथं जीवशास्त्राला विचारत नाहीत. म्हणजे चारही विषय घेतलेलं पोर एका जिन्यावर चढत असतं तेव्हा दुसऱ्या जिन्याचा एक जड विषय पाठीवर घेऊन चढत असतं. बरं, फार्मसीला जायचं तर भौतिक आणि रसायनासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांतला एक पुरतो. बीएस्सी ॲग्रीलाही दोन्ही लागतात असं नाही. बहुतेकांची ही दोन दारं दिवाळीपर्यंतच उघडी असतात. नंतर क्लास एकीकडं ओढतो आणि उरलेला चौथा विषय पासापुरता उरतो.

यात माझाही हात आहे, तो लपवत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हुशार मुलाच्या अर्जावर चारही विषय मी स्वतःच्या अक्षरात लिहिले. दहावीला चांगले नव्वदच्या पुढं गुण होते, मला वाटलं पेलेल. बारावीनंतर पेढे घेऊन आला. गुण वाईट नव्हते, पण चारही विषयांत सारखेच बेताचे होते. पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाला, “सर, कुठलाच विषय माझा असा झाला नाही.” मला काही बोलता आलं नाही.

आता थोडं आपल्या गाडीबद्दल बोलतो. विषय सोडून भरकटलो असं समजू नका.

बार्शी लाइट रेल्वे पन्नाशीच्या पुढच्या श्रोत्यांनी पाहिलेली आहे. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनाचं नाव होतं बार्शी रोड. पुढं १९११मध्ये गाडी लातूरला पोचली. रूळ अवघ्या अडीच फुटांचे. तिची चेष्टा आपण खूप केली. चालत्या गाडीतून उतरावं, शेतातला हरभरा उपटावा आणि पुन्हा चढावं, असं सगळेच सांगतात. पण जगभरचे रेल्वेचे अभ्यासक तिचं नाव आदरानं घेतात. का घेतात, हे बार्शीतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिचा कर्ता एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. त्याच्या आधी अशा छोट्या रेल्वेंवर काय व्हायचं? इंजिन जड, डबे हलके. रूळ टाकायचे ते इंजिनाच्या वजनाला झेपतील असे, आणि त्याच रुळांवरून निम्मे हलके डबे न्यायचे. त्यामुळं डब्यांखाली रुळाची निम्मी ताकद वाया जायची. काल्थ्रॉपनं नियम घातला की इंजिन असो नाहीतर मालडबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. आणि डबे भरायचे ते त्या पाच टनांच्या जवळ नेऊनच. इंजिन जड होतं म्हणून त्यानं ते लहान नाही केलं, त्याखाली चाकं वाढवली. बारा चाकं, सहा आस, सगळ्यांवर वजन सारखं वाटलेलं. रूळ वाराला तीस पौंडांचे, म्हणजे अगदीच किरकोळ. त्या किरकोळ रुळांवरून एवढा माल गेला की बार्शीचा बाजार पार बालाघाटाच्या पलीकडं पसरला.

गणिताच्या मास्तराला यात रस आहे तो एवढ्यासाठी, की या हिशेबात दोन चुका एकदम पकडल्या जातात. एका आसावर सात टन टाकले तर रूळ वाकतो. आणि सगळे डबे रिकामे पळवले तर गाडी धडधडत जाते, मात्र पोचवत काहीच नाही.

सात टनांचा आस म्हणजे चारही विषय घेतलेलं पोर. रिकाम्या डब्यांचीही आमच्याकडं वाण नाही. “सर, मार्क पडणारा विषय सांगा,” असं म्हणत येणारी मंडळी ती. मराठी सोडून आयटी घेतात. आयटीबद्दल माझं काही म्हणणं नाही, विषय चांगला आहे, ज्याला संगणकात गोडी आहे त्यानं जरूर घ्यावा. पण दहापैकी आठांचं कारण गोडी नसतं. वाणिज्य शाखेत तर गणित सोडणं हा एक सोहळाच असतो. गणिताच्या जागी एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, लिहिलं की पोरांचे चेहरे फुलतात. त्यातल्याच निम्म्यांना पुढं सीए व्हायचं असतं, आणि सीएच्या फाउंडेशनला चार पेपर असतात, त्यांतला एक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा. ही मुलं मग बारावीनंतर अकरावीचं गणित शिकायला माझ्याकडं येतात. मी शिकवतो. पण दोन वर्षं हात बंद राहिलेला असतो, तो लवकर वळत नाही.

कला शाखेच्या मुलांबद्दल बोलायला हवं, कारण त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. त्यांच्या टेबलाशी वाद होत नाही, बाप हट्ट धरत नाही, जे विषय कॉलेजात आहेत ते लिहिले जातात. अर्थशास्त्र घेणाऱ्या मुलाला जोडीला गणित घेता येतं, हे त्याला कुणी सुचवत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२० सालीच लिहून ठेवलंय की कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको. कागदावर भिंत पडली, वेळापत्रकात उभी आहे. अशा जोडीला वेगळा तास लावायचा तर शिक्षक कुठून आणायचा, इथं सगळं अडतं.

आणि लातूर. बार्शीहून शंभरएक किलोमीटर. ज्या वाटेनं आपली छोटी गाडी जायची त्याच वाटेनं आता आपली पोरं जातात, गादी, कूकर आणि पुस्तकांची पेटी घेऊन. १९९०च्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकायला लागली, तेव्हापासून ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आपल्या घरांत शिरला. त्या पॅटर्नमध्ये जादू नाही. नेमानं शिकवणं आणि सराव परीक्षांवर सराव परीक्षा, हे त्याचं मर्म. काही मुलं तिथं खरोखर उजळतात. पण मामासाहेब जगदाळ्यांनी १९३४ साली बार्शीत शिक्षणसंस्था उभी केली, ती खेड्यातल्या पोराला शिकायला लांब जावं लागू नये म्हणून. तिथवर येऊन मुलगी बरोब्बर उलट दिशेच्या एसटीत बसते, तेव्हा ती कशासाठी चालली आहे हे निदान तिला तरी माहीत असावं.

इथं राहणाऱ्यांचा हिशेबही सोपा नाही. पांगरीहून किंवा वैरागहून रोज ये-जा करणाऱ्या मुलाचा दिवस मांडून बघा. झोपेचे सात तास. अंघोळ, जेवणखाण, घरची कामं यांचे दोन. कॉलेजचे पाच. क्लास लावला असेल तर तीन. एसटीची वाट बघण्यासकट प्रवासाचे किमान दोन. झाले एकोणीस. उरले पाच, आणि त्या पाचांत विषय सहा. मी तर म्हणतो, एसटी हाच सातवा विषय आहे, आणि तो ऐच्छिक नाही. ज्याचं घर कॉलेजला लागून आहे त्याला चार जड विषय झेपतील, तेच विषय या मुलाला झेपतीलच असं नाही. दोघांची गुणपत्रिका एकसारखी असली तरी.

त्यात अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष, अशी आपल्याकडं पक्की समजूत. नीटचा अर्धा अभ्यासक्रम अकरावीचा असतो. सीईटीतही साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीवर येतात. दहावीत शेवटच्या दोन महिन्यांत ज्यांनी बाजी मारली, तेच अकरावीत आधी गडबडतात.

तर त्या पांगरीच्या मुलीचं काय केलं? मी तिला म्हणालो, “बाळ, उद्या दहावीची गणिताची वही घेऊन ये. कच्ची, पक्की नाही.” वडील चमकले. गुणपत्रिका समोर असताना वही कशाला? पण गुणपत्रिकेवर फक्त उत्तर असतं. वहीत दिसतं की गणित अडलं तेव्हा पोरीनं काय केलं. पान सोडलं, गाइडमधून उतरवलं, की खोडून पुन्हा केलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. भूमितीच्या वहीत एकच प्रमेय तीन पानं खोडाखोड करत सोडवलेलं होतं, आणि चौथ्या पानावर ते सुटलं होतं. विज्ञानाची वही मी मागितली नव्हती, ती तिनं आपणहून आणली होती. तिच्यातल्या आकृत्या देखण्या होत्या, पण सगळ्या पुस्तकातून छापल्यासारख्या. मी काही बोललो नाही. दोन्ही वह्या तिच्यापुढं उघड्या ठेवल्या. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “बायो काढा, सर. मराठी राहू द्या. पप्पांना मी सांगते.”

पप्पांना काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण ते पुन्हा टेबलाशी आले नाहीत. ती सध्या माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसते आणि मी फळ्यावर चुकलो की हात वर करते.

यंदाही मी त्याच टेबलावर आहे. कुणी येणार असेल तर कच्ची वही घेऊन या, आणि दुपारी साडेतीननंतर या.