सर्व्हर बंद पडतो तेव्हा



16 जुलै 2021 हा दिवस महाराष्ट्रातील दहावीच्या विद्यार्थ्यांस दीर्घकाळ आठवेल असा होता. त्या वर्षी महामारीमुळे परीक्षा होऊ शकली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल तयार करण्यात आला व तो दुपारी एक वाजता संकेतस्थळावर पाहावयास मिळेल, असे जाहीर झाले. विद्यार्थ्यांची संख्या 15 लाख 75 हजारांवर होती. एक वाजला, आणि संकेतस्थळे उघडेनाशी झाली. विद्यार्थी, आईबाप, आप्तेष्ट, शिक्षक असे सारेच एका क्षणी त्याच दारावर येऊन उभे राहिले होते. तास उलटत गेले तरी असंख्य घरांत निकाल पोहोचला नाही. त्या दुपारी गावोगावी एकच वाक्य उच्चारले गेले : 'सर्व्हर डाऊन आहे.'

हे वाक्य आता प्राथमिक शाळेतही नित्याचे झाले आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदी 'सरल'वर भरावयाच्या असोत, शाळेची माहिती 'यूडायस प्लस'वर द्यावयाची असो, की वेतनाचे देयक 'शालार्थ'मधून जावयाचे असो. काम अडले की हेच कारण सांगितले जाते. परंतु 'प्रकृती बरी नाही' एवढ्यावरून वैद्यास जसे औषध देता येत नाही, तसेच 'सर्व्हर डाऊन आहे' एवढ्यावरून दुरुस्ती करणाऱ्यास काहीच कळत नाही. बिघाड नेमका कोठे आहे, हे सांगता आले तर अर्धी दुरुस्ती झालीच म्हणून समजावे. म्हणून सर्व्हर म्हणजे काय, तो का अडतो आणि त्याची निगा राखणारा काय करतो, हे शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

सर्व्हर म्हणजे काही गूढ वस्तू नव्हे. तो एक संगणकच होय. कोणी पान मागितले की ते काढून द्यावयाचे, एवढे काम करणारी एक प्रणाली त्यावर अहोरात्र चालू असते. तिलाच वेब सर्व्हर म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत जगातील पहिला वेब सर्व्हर चालविला, तेव्हा त्या संगणकावर त्यांनी हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटविली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, असा तिचा आशय होता. सर्व्हरच्या निगेचा पहिला नियम तो हाच. कोणी न पाहताही जे चालू राहिले पाहिजे, त्याची काळजी कोणीतरी सतत वाहिली पाहिजे.

पुढे अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर लोकप्रिय झाला. 1994 मध्ये ते ती संस्था सोडून गेले व त्या कामास खीळ बसली. तेव्हा तो सर्व्हर वापरणारे ठिकठिकाणचे व्यवस्थापक आपापल्यास आढळलेले दोष व त्यांवरील दुरुस्त्या टपालसंदेशांनी एकमेकांस कळवू लागले. त्या दुरुस्त्या एकत्र करून एप्रिल 1995 मध्ये जो सर्व्हर प्रसिद्ध झाला, तोच 'अपाचे' होय. तो कोणासही विनामूल्य वापरता येतो, आणि आजही जगातील फार मोठ्या संख्येची संकेतस्थळे त्यावर चालतात. दोष काळजीपूर्वक पाहून नेमक्या शब्दांत कळविणाऱ्या माणसांनी तो घडविला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता तो अडतो कसा ते पाहू गेल्यास यवतमाळ जिल्ह्यातील कोणाही शेतकऱ्यास पटेल असा दाखला जवळच आहे. वणी किंवा पांढरकवडा येथील कापूस खरेदीचे केंद्र घ्यावे. काटा एक आणि गाड्या वीस असतील, तर संध्याकाळपर्यंत साऱ्यांचे माप होते. त्याच काट्यावर एका सकाळी दोन हजार गाड्या आल्या, तर काटा बिघडलेला नसूनही रस्ता तुंबतो. मागच्या गाडीवानास काटा दिसतच नाही. तो म्हणतो, केंद्र बंद आहे. सर्व्हरचेही तसेच आहे. अपाचेच्या एका प्रचलित रचनेत प्रत्येक मागणीसाठी एक कारकून नेमला जातो, असे समजावे. विशेष सूचना दिली नसेल, तर अशा कारकुनांची कमाल संख्या 256 असते. तितके सारे कामात गुंतले की पुढील मागण्या रांगेत उभ्या राहतात, व रांगही भरली की आलेल्यास दारच उघडत नाही.

मग कारकुनांची संख्या वाढवावी, असे कोणासही सुचेल. येथेच अननुभवी व्यवस्थापक फसतो. समजा, यंत्राची स्मृती 4096 मेगाबाइट आहे. त्यांतील 1024 मेगाबाइट इतर कामांस राखून ठेवली, तर 3072 उरतात. एका कारकुनास 40 मेगाबाइट लागत असतील, तर 3072 भागिले 40, म्हणजे 76 कारकूनच तेथे सुखाने काम करू शकतात. कोणी 500 नेमले, तर जागा अपुरी पडून यंत्र स्मृतीतील मजकूर तबकडीवर ठेवू लागते व पुन्हा उचलू लागते. तबकडी स्मृतीच्या मानाने फारच मंद असते. अशा वेळी सारेच काम थंडावते, आणि उपायच अपाय ठरतो.

या अडचणीवर खरे उपाय निराळे आहेत. रशियातील इगोर सिसोएव्ह यांनी 2004 मध्ये 'एन्जिनएक्स' हा सर्व्हर प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक मागणीस स्वतंत्र कारकून नसतो. एकच कारकून हजारो मागण्यांवर लक्ष ठेवतो, आणि जिचे उत्तर तयार झाले असेल तिचे काम तेवढे पुढे सरकवितो. दुसरा उपाय तयार प्रतींचा. निकालाचे पान एकदा बनले की बदलत नाही. म्हणून ते प्रत्येक वेळी नव्याने न बनविता आधीच तयार करून ठेवता येते. तिसरा उपाय काटे वाढविण्याचा, म्हणजे एकच काम अनेक यंत्रांवर वाटून देण्याचा. अलीकडे दहावी-बारावीचे निकाल अनेक संकेतस्थळांवर व 'डिजिलॉकर'वरही एकाच वेळी उपलब्ध करून दिले जातात, त्याचा एक लाभ हाच आहे.

बिघाड झाला असता चांगला व्यवस्थापक काय करतो, हेही पाहण्यासारखे आहे. तो प्रथम यंत्र बंद करून पुन्हा सुरू करीत नाही. तसे केल्याने काम क्षणभर चालू होते खरे, परंतु त्या वेळच्या स्थितीचा बराच पुरावा पुसला जातो व दोष पुन्हा उद्भवतो. तो आधी नोंदवही उघडतो. शाळेत जशी आवक-जावक वही असते, तशी सर्व्हरचीही असते. कोणत्या क्षणी, कोणत्या पत्त्यावरून, कोणते पान मागितले गेले व काय उत्तर दिले गेले, हे एका वहीत आपोआप लिहिले जाते. तिला ॲक्सेस लॉग म्हणतात. काय चुकले, हे दुसऱ्या वहीत उतरते. ती एरर लॉग होय. बहुतेक बिघाडांची कारणे या दुसऱ्या वहीच्या शेवटच्या काही ओळींत मिळतात.

त्यानंतर तो तबकडीवर जागा शिल्लक आहे की नाही ते पाहतो. नोंदवह्या वाढत जाऊन त्यांनीच सारी जागा व्यापली व सर्व्हर अडला, असे पुष्कळदा घडते. म्हणून जुन्या वह्या ठरावीक काळाने बांधून बाजूस ठेवण्याची व फार जुन्या काढून टाकण्याची व्यवस्था करावी लागते. सर्व्हरच्या मांडणीत बदल करावयाचा असेल, तर मूळ मांडणीची प्रत तो आधी जपून ठेवतो, एका वेळी एकच बदल करतो, आणि तो लागू करण्यापूर्वी मांडणी व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे की नाही, हे सर्व्हरकडूनच तपासून घेतो. अपाचेत यासाठी 'कॉन्फिगटेस्ट' नावाची आज्ञाच आहे. एका विसरलेल्या कंसामुळे सर्व्हर सुरूच होत नाही. शुद्धलेखन तपासणाऱ्या शिक्षकास यात नवल वाटणार नाही.

गावातील शाळेत बसलेल्या शिक्षकास या वह्या दिसत नाहीत, हे खरे. परंतु सर्व्हर त्यासही एक खूण देत असतो. ती म्हणजे पडद्यावर उमटणारा तीन अंकी आकडा. तो 4 ने सुरू होत असेल, तर मागणीत काहीतरी चुकले आहे, असे सर्व्हरचे म्हणणे असते. 404 म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही, पत्ता तपासावा. 403 म्हणजे ते पाहण्याची अनुमती नाही. आकडा 5 ने सुरू होत असेल, तर दोष सर्व्हरच्या बाजूस आहे. 500 म्हणजे आतील प्रणालीत बिघाड. 502 म्हणजे दर्शनी सर्व्हरला आतील सर्व्हरकडून योग्य उत्तर मिळाले नाही. 504 म्हणजे ते वेळेत आले नाही. 503 म्हणजे भार अधिक झाला आहे, अथवा दुरुस्तीसाठी काम तात्पुरते थांबविले आहे. अशा वेळी थोडे थांबावे, हेच बरे.

आकडाच उमटला नाही, तर मागणी बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही. अशा वेळी प्रथम दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल, तर दोष जोडणीचा आहे, सर्व्हरचा नव्हे. आणखी एक गोष्ट शाळांतील जुन्या संगणकांबाबत आढळते. आतील लहान बॅटरी संपली की संगणकाचा दिनांक कित्येक वर्षे मागे जातो. सुरक्षित संकेतस्थळाजवळ ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र असते; संगणक ते आपल्या दिनांकाशी पडताळून पाहतो व नाकारतो. शिक्षक सर्व्हरला दोष देतो, आणि दोष टेबलावरच्या घड्याळात असतो. अर्थात प्रमाणपत्राची मुदत खरोखरच संपली असेल व ते नवे करून घेण्यास व्यवस्थापक विसरला असेल, तरीही असाच इशारा दिसतो. पण मग तो सर्वच संगणकांवर दिसतो. एवढा भेद शिक्षकाने पाहून घ्यावा.

यात कोणाचे काय गुंतले आहे, हे 2018 साली राज्यातील शिक्षकांनी अनुभवले आहे. त्या वर्षी जानेवारीत शालार्थ प्रणालीत तांत्रिक बिघाड झाला, व पुढे काही महिने वेतनाची देयके कागदोपत्री सादर करावी लागली. पगारावर ज्यांचे घरभाडे, औषधपाणी व मुलांचे शिक्षण अवलंबून असते, त्यांच्या दृष्टीने सर्व्हर ही केवळ यंत्राची बाब उरत नाही. अशा प्रसंगी उपयोगी पडते ती जपून ठेवलेली प्रत. परंतु प्रत केवळ ठेवून भागत नाही. ती दुसऱ्या यंत्रावर असली पाहिजे, आणि तिच्यावरून सारी माहिती पुन्हा उभी करता येते की नाही, हे वेळोवेळी करून पाहिले पाहिजे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबणे म्हणजे न तपासलेल्या बियाण्यावर हंगाम सोपविण्यासारखे आहे.

आता शिक्षकाचे कर्तव्य थोडक्यात असे. अंतिम दिनांकाची वाट न पाहता माहिती आधीच भरावी. त्या दिवशी सोळाही तालुक्यांतील, किंबहुना साऱ्या राज्यातील गाड्या एकाच काट्यावर येतात. पान उघडेना म्हणून ते पुन्हा पुन्हा मागू नये. प्रत्येक मागणी रांगेत नवी भर घालते. 'सादर करा' हे बटण तर दोनदा मुळीच दाबू नये, कारण उत्तर न दिसताही पहिली नोंद झालेली असू शकते व दुसरीने ती दुबार होते. भरलेल्या माहितीची एक प्रत शाळेत लिहून ठेवावी. आणि तक्रार करताना पाच गोष्टी कळवाव्यात : दिनांक व वेळ, संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता, त्या वेळी चालू असलेले काम, पडद्यावरचा आकडा वा मजकूर जसाच्या तसा, आणि दुसरे संकेतस्थळ उघडत होते की नाही.

यांतील वेळ सर्वांत महत्त्वाची. सर्व्हरच्या वहीत दिवसाला लक्षावधी ओळी असतात. 'काल काम झाले नाही' एवढ्यावरून त्यांत काहीच सापडत नाही. परंतु 'सकाळी 11 वाजून 20 मिनिटांनी, 502' असे कळविले, तर व्यवस्थापक थेट त्या ओळीवर येऊन पोहोचतो. पैनगंगेकाठच्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेतून आलेली अशी एक ओळ साऱ्या राज्याचा दोष दूर करण्यास कारण होऊ शकते.

शिक्षक वर्गात मुलांस हेच शिकवीत असतो. उत्तर चुकले म्हणून पाटी पुसून टाकू नये. कोणत्या पायरीवर चुकले ते शोधावे. सर्व्हरची दुरुस्ती याहून निराळी नाही.